अर्धवट राहिलेले विंडोज अपग्रेड : संगणक पुन्हा मार्गी कसा लावावा

विंडोजचे अपग्रेड मध्येच अडकले की बहुतेक जण दोनांपैकी एक चूक करतात. काही जण पॉवरचे बटण दाबून संगणक बंद करतात, तर काही जण थेट सगळे पुसून विंडोज नव्याने टाकायला घेतात. पहिल्या चुकीमुळे साधे काम अवघड होऊन बसते आणि दुसरीमुळे डिस्कवर सुखरूप असलेला डेटाही हातचा जातो. अपग्रेड नेमके कोणत्या टप्प्यावर अडले आहे हे आधी ओळखले, तर पुढची दुरुस्ती निम्म्याने सोपी होते.

तत्पूर्वी ते खरोखरच अडले आहे का, याची खात्री करावी. टक्केवारीचा आकडा तासभर हलला नाही म्हणजे काम थांबले असे नसते, विशेषतः फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असलेल्या जुन्या संगणकावर. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल किंवा कान लावल्यावर डिस्कची बारीक खरखर ऐकू येत असेल, तर संगणकाला त्याचे काम करू द्यावे. लॅपटॉप असल्यास चार्जर जोडलेला आहे ना, एवढे मात्र पाहावे. मधूनमधून होणारे रीस्टार्टही अपेक्षितच असतात. तीन-चार तास आकडा तोच राहिला आणि डिस्कचीही काही हालचाल दिसली नाही, तरच प्रिंटर, पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क असे जोडलेले सगळे काढून घ्यावे आणि मग पॉवरचे बटण दहाएक सेकंद दाबून ठेवून संगणक बंद करावा.

या काळात आत काय चालते, ते थोडक्यात समजून घेणे उपयोगाचे आहे. अपग्रेडचे चार टप्पे असतात. पहिला टप्पा चालू विंडोजमध्येच पार पडतो. त्यात नव्या फाइली एका लपलेल्या फोल्डरमध्ये उतरवल्या जातात आणि संगणक नव्या आवृत्तीला चालेल का, हे तपासले जाते. दुसऱ्या टप्प्यात संगणक एका छोट्या तात्पुरत्या प्रणालीत सुरू होतो, जुने विंडोज बाजूला ठेवले जाते आणि नवे त्याच्या जागी मांडले जाते. तिसऱ्यात नवे विंडोज प्रथमच सुरू होऊन ड्रायव्हर, म्हणजे उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्राम, बसवते आणि चौथ्यात तुमची खाती, सेटिंग्ज व प्रोग्राम नव्या घरात आणले जातात. जुने विंडोज या सगळ्या काळात पुसले जात नाही. ते ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये राहते, आणि नंतरच्या बहुतेक दुरुस्त्यांचा आधार तोच असतो. जागा कमी पडते म्हणून हा फोल्डर उडवण्याचा मोह या दिवसांत टाळावा.

आता संगणक तीनपैकी एका अवस्थेत असेल.

पहिली अवस्था त्यातल्या त्यात बरी असते: संगणक आपणहून जुन्या आवृत्तीवर परतलेला असतो आणि पडद्यावर एक एरर कोड असतो. तो कोड नीट उतरवून घ्यावा. मोबाइलवर फोटो काढणे सर्वांत सोपे. कोडचे अनेकदा दोन भाग असतात आणि लोक पहिल्याच भागाकडे पाहतात, पण टप्पा सांगतो तो दुसरा भाग. त्यात सुरुवातीचे ‘शून्य एक्स’ सोडून पुढचा आकडा २ असेल तर अडचण तात्पुरत्या प्रणालीच्या टप्प्यात आली, ३ असेल तर नवे विंडोज प्रथम सुरू होताना, आणि ४ असेल तर शेवटच्या टप्प्यात. पहिल्या भागात ‘सी१९००१०१’ दिसल्यास संशय बहुतेक वेळा ड्रायव्हरवर घ्यावा आणि ‘८००७००७०’ दिसल्यास डिस्कवर जागा नाही असे समजावे. निदान २० जीबी जागा मोकळी असल्याशिवाय पुन्हा प्रयत्न करू नये; मी स्वतः त्याच्या दुप्पट ठेवतो.

माझ्या एका जुन्या लॅपटॉपवर अपग्रेड तीन वेळा गेले आणि तिन्ही वेळा परत फिरले. दर वेळी कोडचा दुसरा भाग ३ ने सुरू होत होता. संगणकाला तर काहीच जोडलेले नव्हते. शेवटी संगणकातल्या उपकरणांची यादी दाखवणारा डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘व्ह्यू’ या मेन्यूतला ‘शो हिडन डिव्हाइसेस’ हा पर्याय निवडला, तेव्हा फिक्या रंगातल्या चिन्हांच्या रांगेत एका स्कॅनरचे नाव दिसले. तो स्कॅनर मोडीत जाऊन कित्येक वर्षे झाली होती, पण त्याचा ड्रायव्हर घरातच ठाण मांडून बसला होता. नावावर राइट-क्लिक करून तो ड्रायव्हरसह अनइन्स्टॉल केला आणि चौथ्या खेपेला अपग्रेड विनातक्रार पूर्ण झाले. म्हणून पुन्हा प्रयत्न करण्याआधी ही फिकी चिन्हे एकदा जरूर चाळावीत आणि बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस असल्यास तो तेवढ्यापुरता काढून टाकावा. नुसता बंद करून भागतेच असे नाही, कारण त्याचे ड्रायव्हर मागे चालूच राहतात.

दुसऱ्या अवस्थेत नवे विंडोज सुरू होते, पण धड चालत नाही. स्टार्ट मेन्यू उघडत नाही, आवाज किंवा वाय-फाय गायब असते, किंवा डेस्कटॉप अगदी कोरा दिसतो. कोरा डेस्कटॉप पाहून धीर सोडू नये. विंडोजला तुमचे प्रोफाइल, म्हणजे तुमच्या खात्याच्या फाइली व सेटिंग्ज, उघडता आले नाही तर ते एक तात्पुरते प्रोफाइल देते, आणि त्यात ठेवलेली कोणतीही नवी फाइल साइन आउट करताच नाहीशी होते. म्हणून तिथे काम सुरू न करता सी ड्राइव्हमधला ‘यूजर्स’ फोल्डर आणि विंडोज.ओल्डमधला त्याच नावाचा फोल्डर उघडून पाहावा. फाइली बहुधा यांपैकी एका ठिकाणी सापडतात. त्या आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात, मगच दुरुस्तीला हात घालावा.

दुरुस्तीसाठी कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा. येथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच त्या रोमन अक्षरांत टाकाव्या लागतात. आधी ‘डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोरहेल्थ’ ही आज्ञा द्यावी आणि ती पूर्ण झाल्यावर ‘एसएफसी /स्कॅननाऊ’. हा क्रम उलटा करू नये. दुसरी आज्ञा बिघडलेल्या सिस्टीम फाइली ज्या साठ्यातून बदलते, तो साठाच पहिली आज्ञा दुरुस्त करते. पहिली आज्ञा काही मिनिटे एकाच टक्क्यावर थांबते, ते नेहमीचेच आहे. ती चांगल्या फाइली इंटरनेटवरून आणते, त्यामुळे जोडणी चालू असावी. वाय-फायच बंद पडले असेल तर केबल लावावी किंवा मोबाइल यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे. ज्या उपकरणांवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतो, त्यांचे ड्रायव्हर संगणकाच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावेत. ‘सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असे सांगणाऱ्या प्रोग्रामांच्या वाटेला जाऊ नये.

एवढे करूनही घडी बसली नाही तर मागे फिरण्याची सोय आहे. सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’ या भागात ‘गो बॅक’ हे बटण असते, परंतु ते एरवी अपग्रेडनंतर १० दिवसच चालते; त्यानंतर विंडोज.ओल्ड आपोआप पुसला जातो. याला पर्याय म्हणून, दुसऱ्या संगणकावर तयार केलेला विंडोजचा पेनड्राइव्ह चालू विंडोजमध्ये उघडून त्यातला सेटअप सुरू करता येतो आणि ‘फाइली व प्रोग्राम ठेवा’ हा पर्याय निवडून तेच विंडोज वरून पुन्हा बसवता येते. मला हा उपाय सर्वांत भरवशाचा वाटतो. मात्र संगणक थेट पेनड्राइव्हवरून सुरू केला तर हा पर्याय मिळत नाही, ही गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते.

तिसरी अवस्था म्हणजे संगणक सुरूच होत नाही. अशा वेळी लागोपाठ दोन-तीनदा सुरू होण्याचा प्रयत्न फसला की विंडोज आपणहून दुरुस्तीचा निळा पडदा दाखवते. तिथे ‘ट्रबलशूट’ आणि मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडावे. प्रथम ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवून पाहावे. त्याने न भागल्यास ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मधून शेवटचे मोठे अपडेट, म्हणजे ‘फीचर अपडेट’, काढावे. तेही जमले नाही तर ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून रीस्टार्ट करून ४ हा आकडा दाबावा, म्हणजे संगणक सेफ मोडमध्ये, अगदी मोजक्या ड्रायव्हरांसह, सुरू होतो; तो तिथे सुरू झाला, तर दोष ड्रायव्हरचा असण्याची शक्यता वाढते. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सुरक्षा-सोयीने कुलूपबंद असेल तर मध्येच ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलेल्या संगणकाची ती की बहुधा त्या खात्यात साठवलेली असते आणि मोबाइलवरूनही पाहता येते.

विंडोज सुरू होत नसतानाही फाइली बाहेर काढता येतात, आणि त्यासाठी वेगळा प्रोग्राम लागत नाही. त्याच निळ्या पडद्यावरून कमांड प्रॉम्प्ट उघडावा, ‘नोटपॅड’ असे टाइप करून एंटर दाबावे, आणि नोटपॅड उघडल्यावर फाइल मेन्यूतून ‘ओपन’ निवडावे. जी खिडकी उघडते तिच्यात खालच्या बाजूला ‘ऑल फाइल्स’ केले की संपूर्ण डिस्क दिसू लागते. हवा तो फोल्डर राइट-क्लिकने कॉपी करून बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करता येतो. कॉपी चालू असताना प्रगती दाखवणारी पट्टी दिसत नाही आणि खिडकी गोठल्यासारखी वाटते, म्हणून थोडा धीर धरावा. येथे ड्राइव्हची अक्षरेही बदललेली असू शकतात. एरवीचा सी ड्राइव्ह डी म्हणून दिसला तर गोंधळून जाऊ नये.

फाइली सुखरूप निघाल्यावरच ‘रीसेट धिस पीसी’कडे वळावे. त्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडले तर वैयक्तिक फाइली राहतात, पण तुम्ही टाकलेले प्रोग्राम जातात. पेनड्राइव्हवरून नव्याने इन्स्टॉल करणे हा त्यापुढचा आणि शेवटचा मार्ग आहे.

हे सर्व करूनही अपग्रेड पुन्हा फसले, तर ते दर वेळी कुठे थांबते याची नोंद ठेवावी. एकाच टप्प्यावर थांबत असेल तर ड्रायव्हर किंवा एखादा प्रोग्राम आडवा येत असतो. दर खेपेला निराळ्या ठिकाणी थांबत असेल तर विंडोजला दोष देणे थांबवून ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ने रॅम तपासावी आणि डिस्कचे आरोग्य पाहावे. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर डिस्कवरचे दोष शोधणारी ‘चेकडिस्क’सारखी दीर्घ तपासणी लावण्याआधी फाइली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात, कारण त्या ताणाने उरलीसुरली डिस्कही बंद पडू शकते.