या चुका टाळा: कानाने लिहिलेलं इंग्रजी

ठाण्यात नौपाड्याला गोखले रोडच्या एका गल्लीत माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छापून देण्याचं, छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, बायोडेटा, सोसायटीच्या नोटिसा, जे येईल ते. धंद्यात नवी असताना वह्या-पेनांच्या एका दुकानाची ५०० लेटरहेडं केली होती. नावाखाली ठळक अक्षरांत 'स्टेशनरी अँड गिफ्ट्स'. प्रूफ मालकांनी पाहिलं, मी पाहिलं, ओके झालं, छापून आलं. गठ्ठा न्यायला त्यांची कॉलेजातली लेक आली आणि हसत सुटली. "ताई, आमचं दुकान कुठे पळून चाललंय का? हे 'जागचं न हलणारं' असं छापलंय!"

शेवट 'ई-आर-वाय' हवा होता, मी 'ए-आर-वाय' टाकला होता. पैसे अर्थातच सोडून दिले.

इथेच एक अडचण सांगून टाकते. हे दोन शब्द मराठीत लिहिले की दोन्ही 'स्टेशनरी'च. म्हणून पुढे जिथे गरज पडेल तिथे स्पेलिंगची अक्षरं सुटी करून देते. खरं तर आपल्या चुकांचं मूळ यातच आहे. देवनागरीत आपण ऐकू येतं तसं लिहितो. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' अशा जोड्या आपल्याकडेही आहेत, पण तिथे घोळ फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा. इंग्रजीत कान काहीच सांगत नाही. एकाच मजल्यावर दोन संदीप राहत असले की कुरिअरवाला आडनाव विचारतो ना, तसं इथे स्पेलिंग म्हणजे शब्दाचं आडनाव. शब्द कुठल्या घरातला ते त्यावरून कळतं.

हे असं का झालं, तर इंग्रजीत उच्चार बदलत गेले आणि स्पेलिंग मागेच राहिलं. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. पुढे छपाईबरोबर स्पेलिंग हळूहळू ठरत गेलं. पण साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर आपापल्या जागा सोडून सरकत होते. 'पाहणे' या अर्थाचा 'सी' आणि 'समुद्र' या अर्थाचा 'सी' पूर्वी वेगवेगळे उच्चारले जात. 'नाइट' म्हणजे सरदार, त्यातला सुरुवातीचा 'के' खरोखर तोंडाने म्हणत. उच्चार गेले, अक्षरं राहिली. तेव्हा सीवूड्सच्या एजंटाने पत्रकात 'सी व्ह्यू' लिहिताना 'डबल ई' टाकली, तर दोष एकट्या त्याचा नाही. पण 'पाहा देखावा' असं वाचून फ्लॅट घेणारा हसणारच.

आता 'इट्स'. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येणारी चूक हीच, आणि ती शिकलेल्या माणसांकडून येते. कारण शाळेत आपल्याला पक्कं शिकवलेलं असतं की वर स्वल्पविराम आणि 'एस' म्हणजे 'चा-ची-चे'. रामचं पुस्तक, गाईचं दूध. मग 'त्याचा दरवाजा' म्हणतानाही हात आपोआप ते चिन्ह टाकतो. नियम बरोबर, जागा चुकीची. ते चिन्ह नामांना लागतं. 'मी-तू-तो' अशा पुरुषवाचक सर्वनामांना 'चा-ची-चे'साठी ते कधीच लागत नाही: 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'युअर्स', 'देअर्स', कुणालाच नाही. मग 'इट्स'लाच का लागेल? चिन्ह असलेलं 'इट्स' म्हणजे 'इट इज' किंवा 'इट हॅज', तिसरा अर्थ नाही. लिफ्टच्या नोटिशीत 'लिफ्टचा दरवाजा' म्हणायचं असेल तर चिन्ह नको. 'लिफ्ट बंद आहे' म्हणायचं असेल तर हवं. मी ते वाक्य मनात मराठीत करून बघते. 'आहे' आलं की चिन्ह, 'चा' आलं की नाही. हीच युक्ती 'हूज'ला चालते. 'कोण आहे' असेल तर चिन्ह, 'कोणाचा' असेल तर 'डब्ल्यू-एच-ओ-एस-ई'. 'युअर'ला पण तीच. 'यू आर वेलकम' म्हणायचं असताना मालकीचा 'युअर' लिहिणारे दर ग्रुपमध्ये चार तरी असतात, आणि त्यातला एक तरी इंग्रजी शिकवतो.

'देअर' तिघं भाऊ. 'तिथे' या अर्थाचा जो आहे त्याच्या पोटात 'हिअर', म्हणजे 'इथे', बसलेला आहे, 'एच-ई-आर-ई'. 'व्हेअर'मध्येही तोच. इथे, तिथे, कुठे, एकाच घरातली माणसं. 'त्यांचा' या अर्थाचा 'टी-एच-ई-आय-आर', त्यातला 'टी' झाका, उरतो 'एच-ई-आय-आर', म्हणजे वारस. वारस आला की मालकी आली. तिसऱ्यात वर चिन्ह आहे, तो 'दे आर'.

बायोडेटा घेऊन येणाऱ्या मुलांचा विषय वेगळा. ट्रान्स-हार्बर लोकल पकडून नवी मुंबईत ऐरोली, महापेला इंटरव्ह्यूला जाणारी ही मुलं घाईत असतात, पेन ड्राइव्ह देतात आणि "ताई, फक्त प्रिंट" म्हणतात. मी वाचते, सवयच आहे. 'माय रोल इन द प्रोजेक्ट' यात 'आर-ओ-डबल एल' असतो. त्या रोलचे अर्थ गुंडाळी, हजेरीपट, स्टेशनबाहेर मिळतो तो फ्रँकीचा रोल. प्रोजेक्टमधली भूमिका 'आर-ओ-एल-ई'. मुलगा म्हणतो, "पण लाल रेघ आली नव्हती." येणार कशी? दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत. साधा स्पेलचेक शब्द खरा की खोटा एवढंच बघतो, जागेवर शोभतो की नाही हे त्याला कळत नाही. बोलून टाइप करणाऱ्यांनी तर दुप्पट सांभाळावं, कारण फोनलाही शेवटी आवाजच ऐकू येतो.

सोसायटीच्या नोटिशीत हमखास सापडतो तो 'प्रिन्सिपल'. थकबाकीदारांनी 'प्रिन्सिपल' रक्कम भरावी. शेवटी 'पी-एल-ई' टाकलं तर थकबाकीदाराने तत्त्व भरायचं, आणि ते त्याच्याकडे असतं तर नोटीस काढावीच लागली नसती. मुद्दल, मुख्याध्यापक, मुख्य कारण, हे सगळे 'पी-ए-एल'. तत्त्वाला तेवढा 'एल-ई'.

'ब्रेक'चं सोपं आहे. मोडणारा 'ब्रेक' 'ब्रेकफास्ट'मध्ये आहे, रात्रभरचा उपास सकाळी मोडतो म्हणून. रिक्षाचा दाबायचा ब्रेक 'बी-आर-ए-के-ई'. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर मात्र खरंच जपा. 'रेस्ट इन पीस'मध्ये 'पी-आय-ई-सी-ई' गेलं तर बिचाऱ्या माणसाला तुकड्यांत विश्रांती मिळते. एकदा असं मॅटर जसंच्या तसं व्हॉट्सअॅपवर आलं होतं. मी विचारलं नाही, गुपचूप दुरुस्त केलं. त्या घरात त्या दिवशी स्पेलिंगची चर्चा कोण करणार?

काही जोड्या खऱ्या समोच्चारी नाहीतच, आपल्या कानाने त्या तशा केल्या आहेत. 'फ्लॅट फॉर सेल'मध्ये 'एस-ई-डबल एल' लिहिलेलं ठाण्यात विजेच्या खांबाखांबावर दिसेल. इंग्रजाच्या तोंडी ते दोन शब्द वेगळे वाजतात, आपण दोन्हीला 'सेल' म्हणतो. विकणे हे क्रियापद 'डबल एल'चं. विक्री हे नाम 'एस-ए-एल-ई'. 'फॉर'च्या पुढे नाम येणार. 'टेस्ट'ची परीक्षा आणि 'टेस्ट'ची चव, 'पेन' आणि दुखणारं 'पेन', सगळी हीच गत. 'लूज'मध्ये सैल झालेल्याला दोन 'ओ', हरवलेल्याला एकच.

'लायसन्स'चा घोळ मात्र इंग्रजांनीच घातलेला. ब्रिटिश पद्धतीत नामाला 'सी', क्रियापदाला 'एस', आणि उच्चार एकच. 'प्रॅक्टिस'चंही तसंच. अडलं की 'अॅडव्हाइस' आठवावा. सल्ला 'सी'ने, सल्ला देणे 'एस'ने, आणि तिथे उच्चारातही फरक आहे, त्यामुळे कान एकदाचा कामी येतो. अमेरिकन लोक लायसन्सला दोन्हीकडे 'एस' आणि प्रॅक्टिसला दोन्हीकडे 'सी' लिहितात. कंपनी तिकडची असेल तर वाद घालू नका.

पहिल्या स्टेशनरीची गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी कळली. मध्ययुगात युरोपातल्या विद्यापीठांजवळ पुस्तकं विकणारे बरेचसे फिरते असत. ज्याचं दुकान एका जागी ठरलेलं, तो 'स्टेशनर'. त्याच्याकडे मिळते ती 'स्टेशनरी'. म्हणजे जागचं न हलणारं हे दोघांचंही मूळ, आणि गाडी थांबते ते स्टेशनही त्याच कुळातलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली गाडी ठाण्याला येऊन थांबली, तेव्हापासून हा शब्द आमच्या गावात आहे, आणि मी त्यातच घसरले. आता 'ए' म्हणजे 'अचल' आणि 'ई' म्हणजे एन्व्हलपचं पहिलं अक्षर, असं पक्कं केलंय.

ती लेटरहेडं टाकवली नाहीत. कागद चांगला ९० जीएसएमचा होता. रोजचा हिशेब मी अजून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते, साठेक पानं उरली आहेत.