चेक स्विंगवर कल्ला झाला तर काय करायचं: कॉलेजच्या नव्या अंपायरसाठी

नागपुरात कॉलेजची बेसबॉल मॅच पाहायला बसा, एखाद्या इनिंगमध्ये तरी हे होतेच. बॅटरनं बॅट अर्धी काढली अन् थांबवली (हाच चेक स्विंग), कॅचर म्हणते गेला, म्हणजे स्विंग झाला, बॅटर म्हणते नाही गेला, आणि दोरीबाहेर बसलेले, ज्यांना तिथून काहीच दिसत नाही, ते सगळ्यात जोरात बोंबलतात. अंपायर नवा असला की गडबडतो, म्हणून हे लिहितोय.

पहिले हे डोक्यातून काढा की मनगट फिरलं म्हणजे स्ट्राइक (असे तीन झाले की बॅटर साधारण आउट), नाहीतर बॅट प्लेटच्या, म्हणजे बॅटरसमोरच्या जमिनीवरच्या पांढऱ्या पाटीच्या, पुढे आली म्हणजे स्ट्राइक. हे मैदानावरचे नियम आहेत, पुस्तकातले नाहीत. अमेरिकेच्या व्यावसायिक मेजर लीगच्या रूलबुकात चेक स्विंगची मोजमापवाली व्याख्याच नाही, बॅटरनं बॉल मारायचा प्रयत्न केला अन् हुकला तर स्ट्राइक, आणि प्रयत्न केला की नाही ते अंपायरनं ठरवायचं, बस. अमेरिकेच्या कॉलेज बेसबॉलचं एनसीएएचं पुस्तक मात्र एक खूण देते: बॅटचं जाड टोक बॅटरच्या पुढच्या हिपच्या पुढे गेलं की स्ट्राइक, पुढचा म्हणजे पिचरकडचा हिप. बंटसाठी, म्हणजे बॉल हलकाच थोपवायला, धरलेली बॅट मागे घेतली तर ही खूण लावायची नाही. आता बघा, खूण बॅटरच्या अंगावर आहे, प्लेटवर नाही, म्हणून बॉक्समध्ये (बॅटरच्या आखलेल्या जागेत) एकदम मागे उभा राहणारा पोरगा बॅट प्लेटच्या पुढे न नेताही स्ट्राइक होऊ शकतो. आपल्या स्पर्धेत कोणतं पुस्तक चालणार ते मॅचआधीच विचारून घ्या, नंतर विचारलं तर कोणी ऐकत नाही.

प्लेट अंपायरचं (कॅचरच्या मागे उभा असतो तो) काम सोपं ठेवा. बॉल स्ट्राइक झोनमधून (प्लेटच्या वर, बॅटरच्या गुडघ्यापासून साधारण छातीपर्यंतची जागा) गेला असेल तर स्विंगचा प्रश्नच नाही, स्ट्राइक द्या. स्विंग स्वतःला स्पष्ट दिसला तरी लगेच द्या, कोणाला विचारत बसू नका. तुम्ही "बॉल" (म्हणजे स्ट्राइक नाही) असा निर्णय दिला अन् कॅचरनं किंवा कोचनं विचारायला सांगितलं, तर बेस अंपायरला विचारावंच लागते, नाही म्हणायची सोय नाही. यात ईगो कायले आणता भाऊ? तुमची नजर बॉलवर असते आणि मधे कॅचर असतो, क्रिकेटमध्ये स्टंपिंग स्क्वेअर लेगवाल्याला विचारतात तसंच हे. डावा हात दाखवून मोठ्यानं विचारा, "गेला का?" तो मूठ दाखवेल तर स्ट्राइक, दोन्ही हात सेफसारखे पसरवले तर नाही. त्याचं उत्तर शेवटचं. उलटं मात्र चालत नाही, म्हणजे तुम्ही स्ट्राइक दिला असेल तर बॅटरला अपील नाही. आणि पुढचा पिच पडला किंवा दुसरी प्ले सुरू झाली की अपीलची वेळ संपली.

विचारायचं कोणाला? उजव्या बॅटरसाठी पहिल्या बेसवाल्याला, डाव्यासाठी तिसऱ्या. पण दोनच अंपायर असले तर पर्याय नसतो, एकच बेस अंपायर, अन् रनर असले की तो डायमंडच्या, म्हणजे चार बेसच्या चौकोनाच्या, आत उभा, तिथून अँगल बेकार मिळतो. माझं मत असं की त्याला पक्कं दिसलं तरच त्यानं स्ट्राइक म्हणावं, अंदाजानं नाही. आणि मैदान मिळेल तिथं डायमंड आखतात, म्हणून संध्याकाळचं ऊन कोणाच्या डोळ्यात येणार ते आधीच पाहून ठेवा, आपल्याकडचं ऊन तर माहीतच आहे.

खरी गंमत दोन स्ट्राइक झाल्यावर असते, अन् इथे पोरं सगळ्यात जास्त फसतात. बॉल मातीत पडला, बॅटरनं बॅट थांबवली, प्लेटवरून "बॉल" आलं, कॅचरच्या हातून सुटला. कॅचरनं अपील केलं, बेस अंपायरनं मूठ दाखवली, म्हणजे झाला तिसरा स्ट्राइक, पण कॅच नाही! पहिला बेस रिकामा असेल किंवा दोन आउट असतील तर बॅटर पळू शकतो. म्हणून बॅटरला शिकवा, अशा वेळी वाद नंतर, आधी पहिल्या बेसकडे सुटायचं. कॅचरला सांगा, आधी बॉल उचलून बॅटरला टॅग कर (बॉल हातात धरून त्याला लाव) मग अपील कर. रनरलाही हेच लागू, चौथा बॉल (म्हणजे बॅटरला फुकटात पहिला बेस) समजून आरामात दुसऱ्या बेसकडे चालला असेल अन् अपीलवर स्ट्राइक निघाला तर कॅचरच्या थ्रोवर तो आउट होऊ शकतो, "अंपायरनं बॉल म्हटलं होतं" हे चालत नाही. अन् बॉल अंगाला लागला पण स्विंग झाला होता, तर बेस मिळत नाही, बॉल डेड आणि स्ट्राइक.

वाद कसा सांभाळायचा? कोच एवढंच म्हणू शकतो की तुम्ही विचारलं नाही. विचारून झाल्यावर निर्णय चुकला म्हणायला तो आत आला तर वॉर्निंग द्या, तरी येत राहिला तर बाहेर काढा. डगआउटमधून एकदा पुटपुटला तर सोडून द्या राजा, एवढं चालते.

आणि मोबाइल. कोणीतरी व्हिडिओ घेऊन येतेच, तो बहुतेक वेळा जाळीमागून काढलेला असतो, जिथून बॅट किती पुढे गेली ते कळतच नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना फॉल लीगमध्ये चेक स्विंगवर चॅलेंजची ट्रायल झाली, पण ती ट्रॅकिंग कॅमेरे लावून अन् बॅटचा ४५ अंशांचा कोन धरून झाली, खिशातल्या फोनवर नाही. फोन हातातसुद्धा घेऊ नका, "प्ले" म्हणा अन् पिचरला बॉल द्या.