गोधडी जवळून रंगीत, लांबून मातकट? चिंध्या आणि उरलेल्या लोकरीच्या कामात या चुका टाळा

पंधरा-वीस रंग घेतले, एकही कळकट तुकडा नव्हता, जवळून बघितलं तर प्रत्येक चौकोन सुंदर, आणि गोधडी पलंगावर टाकून दारातून बघितली की सगळं मिळून मातकट. उरलेल्या लोकरीच्या पांघरुणाचं पण हेच होतं. मग लोक काय करतात, तर अजून रंग घालतात, अजून दोन साड्या फाडतात, आणि प्रकरण अजून मातकट होतं. कारण रंग कमी पडलेलेच नसतात, कमी पडलेलं असतं फिकट आणि गडद यातलं अंतर.

म्हणजे बघा, मोरपंखी, डाळिंबी, शेवाळी, वांगी, हे चार रंग नावाला किती वेगळे, पण गडदपणात चौघं जवळजवळ सारखेच. असे छोटे छोटे तुकडे शेजारी आले की लांबून डोळा ते सुटे सुटे बघतच नाही, एकात एक मिसळून टाकतो, आणि लाल-हिरवं, जांभळं-शेवाळी असं एकमेकांत मिसळलं की राखाडी-तपकिरीच होणार ना, दुसरं काय होणार.

आधी फोटो, मग कात्री

सगळे तुकडे जमिनीवर मांडा, फोनवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाईट करा. फोटोत सगळीकडे एकसारखा राखाडी दिसला की समजा, गोधडीची पण हीच गत होणार. फोटोचा कंटाळा असेल तर चार पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करून बघा, तेवढंही पुरतं. फक्त हे दिवसा करा, खिडकीपाशी. रात्री पिवळ्या दिव्याखाली गडद निळा आणि काळा एकच वाटतो आणि लिंबू कलर न् मोतिया यातला फरकच कळत नाही.

मग तुकड्यांचे तीन ढीग करा, पण रंगाप्रमाणे नाही, फिकट, मधले आणि गडद असे. बहुतेक घरांत मधला ढीग हा एवढा मोठा निघतो आणि फिकट ढिगात जेमतेम दोन-तीन तुकडे, कारण आपल्या रोजच्या साड्या तशाच असतात. माझ्या मते तिसरा हिस्सा तरी फिकट हवा, नाहीतर बाकीचे रंग उठूनच दिसत नाहीत. फिकट आणायचं कुठून? जुनं धोतर, उपरणं, पांढरा परकर, बेडशीटची गादीखाली दबून राहिलेली कड (ती बिचारी कधी झिजलेलीच नसते). आणि सगळ्यात सोपं म्हणजे साडी उलटी करा. छापील सुती साडीची उलटी बाजू बऱ्याचदा दोन शेड फिकी असते, म्हणजे एकाच साडीतून तुम्हाला मधला आणि फिकट असे दोन्ही तुकडे मिळतात, आणि ते एकमेकांना शोभतातही कारण रंग तोच असतो. हे फुकटात मिळतं तरी फार कमी जणी वापरतात.

मळखाऊचा हट्ट सोडा

"पांढरं नको गं, मळेल." हे वाक्य प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच, आणि मग तपकिरी, चॉकलेटी, राखाडी, मेंदी असले मळखाऊ रंग भरले जातात. गोधडी वापरायची आहे, धुवायची आहे, सगळं मान्य. पण मळतात त्या कडा आणि तोंडाजवळचा भाग, मधला पट्टा काय एवढा मळत नाही. म्हणून मळखाऊ कापड किनारीला आणि डोक्याकडच्या पट्टीला लावा, फिकट तुकडे आत ठेवा. बाळाच्या दुपट्याला तर ते रोजच धुतलं जाणार, मग तिथे कशाला मळखाऊ?

फिकट तुकड्यांची एक खोड मात्र आहे. पातळ पांढऱ्या कापडाखाली थरात गडद साडी गेली तर ती वरून दिसते, पांढरं मळकटच वाटतं, आणि धुऊन धुऊन पण जात नाही कारण तो मळ नाहीच. वरच्या थराच्या लगेच खाली नेहमी फिकी, साधी साडी घाला, गडद आणि मोठ्या छापाच्या साड्या मधोमध जाऊ दे.

काळा तुकडा विटका का दिसतो

ही तक्रार मजेशीर आहे कारण ती जवळपास २०० वर्षं जुनी आहे. पॅरिसला गोबलँ नावाचा प्रसिद्ध गालिचे-पडदे विणायचा सरकारी कारखाना होता, १८२४ पासून मिशेल शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगाईचा प्रमुख होता, आणि विणकर त्याच्याकडे तक्रार घेऊन आले की तुमचा काळा रंग कच्चा आहे, चित्रातल्या निळ्या-जांभळ्या कपड्यांच्या सावल्या विणताना तो फिका पडतो. त्याने इतर ठिकाणच्या काळ्या लोकरी आणून ताडून बघितलं, काळा चांगलाच होता. गडबड शेजाऱ्यांची होती. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी काळ्यावर उगाच पिवळट झाक आल्यासारखी वाटते. शेजारचा रंग आपल्या विरुद्ध रंगाची छटा दुसऱ्यावर टाकतो, हे त्याने नीट अभ्यास करून १८३९ मध्ये छापलं.

आपल्याला याचा उपयोग हा, की चंद्रकळेचा काळा तुकडा निळ्या-जांभळ्यांच्या घोळक्यात टाकू नका, पिवळा, पांढरा, अबोली याच्या बाजूला ठेवा, लगेच काळाकुट्ट दिसतो. तसंच एखादा तुकडा "घाण दिसतोय" म्हणून फेकायच्या आधी त्याची जागा बदलून बघा. शेवाळी रंग लालाशेजारी ठेवला की चक्क हिरवा वाटतो आणि पोपटीशेजारी ठेवला की चिखल.

एकच भडक तुकडा

राणी कलरचा एकच चौकोन आणि तोही बरोबर मध्यभागी, म्हणजे बघणाऱ्याची नजर तिथे जाऊन अडकते, बाकी सगळी मेहनत वाया. भडक तुकडा काढून टाकू नका, तो कापा. त्याच्या बारीक पट्ट्या करून तीन, पाच, सात ठिकाणी विखरून टाका, आणि चार कोपऱ्यांत चार असं मोजूनमापून नको, वाकडंतिकडंच असू दे.

इथे सिद्दी बायकांच्या कवंदी, म्हणजे त्यांच्या गोधड्या, बघण्यासारख्या असतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात हळियाळ, यल्लापूर भागात राहणारा हा मूळ आफ्रिकन समाज, पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांपैकी कितीतरी जणांचे हे वंशज, त्यांची भाषा पण कोकणीच्या घरातली. कवंदी कडेपासून सुरू होते आणि तुकडे लावत लावत, धावदोऱ्याने शिवत शिवत आतल्या बाजूला मध्यापर्यंत येते. आधी सगळं मांडून ठेवायचं असं काही नाही, हातातला तुकडा शेजारच्याशी कसा दिसतो एवढं बघून पुढे जायचं, आणि भडक रंग कुठेही एकटा पडत नाही. शेवटी चार कोपऱ्यांना घड्या घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्याला फुला म्हणतात, ते लागल्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असं धरतच नाहीत.

आणि सगळेच रंग एकाच कामात यायला पाहिजेत असंही नाही बरं का. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे, तिथल्या बायकांनी शेतात घालून विटलेल्या जीनच्या पँटी आणि शर्ट वापरून केलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियममध्ये लागल्या. त्यातल्या कितीतरी गोधड्यांत रंग म्हणाल तर तीन-चार, त्यातही निळ्याच्याच विटलेल्या छटा. पण तुकडे मोठे, आणि फिकट-गडद एकदम स्पष्ट.

छापाचं थोडक्यात सांगते. सगळ्याच बारीक बुट्ट्या असतील तर लांबून नुसता गोंधळ दिसतो. मध्ये मध्ये साधं कापड, एखादा मोठा छाप आणि साडीचे काठ येऊ द्या. काठाची सरळ रेघ डोळ्याला आधार देते.

लोकरीत गणित थोडं उलटं आहे

साड्यांमध्ये फिकट कमी पडतं, लोकरीत गडद. कारण घरात उरलेली लोकर म्हणजे बहुतेक कोणाच्या तरी बाळाच्या स्वेटरची, बेबी पिंक, आकाशी, लेमन, पांढरी, आणि हे सगळं जोडून पांघरूण केलं की ते पाणी घातल्यासारखं दिसतं. तेव्हा कंजूषपणा न करता एक गडद रंग, गडद निळा, वांगी किंवा काळा, भरपूर विकत आणा आणि तो सगळीकडे दोन-दोन ओळींनी मध्ये येऊ द्या. उरलेल्यातलंच करायचं हा नियम काही कायदा नाहीये.

पट्टे सगळे सारख्या रुंदीचे नकोत. एक, एक, दोन, तीन, पाच, आठ असे आकडे (आधीचे दोन मिळवले की पुढचा) धरून ओळी घातल्या तर पट्टे ठरवून केल्यासारखे पण दिसत नाहीत आणि भोंगळ पण वाटत नाहीत. मात्र सरळ सुयांवर विणताना रंग सम ओळींनंतरच बदला, म्हणजे दोरा त्याच कडेला परत मिळतो, तोडावा लागत नाही, म्हणून दोन, दोन, चार, सहा असं जुळवून घ्या. एक-तीन-पाच करायचंच असेल तर गोल सुईवर मागेपुढे विणा, म्हणजे दोरा ज्या टोकाला असेल तिथून सुरुवात करता येते.

रंग बदलला की जोडावर ठिपक्या-ठिपक्यांची दातेरी रेघ दिसते, ही अजून एक नेहमीची तक्रार. नव्या रंगाने उलट टाके विणले की जुन्या रंगाचे कंगोरे पुढे येतात, म्हणून होतं ते. नव्या रंगाची पहिली ओळ सुलट बाजूने सगळी सुलट विणा, मग पुढच्या ओळीपासून तुमची बॉर्डरची एक सुलट एक उलट चालू करा. एका ओळीचा फरक कोणाला कळत नाही आणि जोड एकदम साफ येतो. सगळ्या ओळी सुलटच विणत असाल तर रंग कायम एकाच बाजूने बदला, सगळे ठिपके मागे राहतील.

एकाच रंगाचे दोन गुंडे पण वेगळ्या वेळी घेतले असतील तर छटा थोडी वेगळी असू शकते, दुकानात कळत नाही, विणल्यावर एकदम रेघ दिसते. दोन ओळी एका गुंड्याने, दोन दुसऱ्याने असं काही अंतर विणलं की फरक विरून जातो. आणि टोकं जोडताना एक लक्षात ठेवा, टोकं ओली करून तळहातांवर चोळून एक करायची युक्ती फक्त शुद्ध लोकरीला चालते, अ‍ॅक्रिलिकला कितीही चोळा, काही होणार नाही, तिथे सुईनेच ओवायचं.

रंग सुटला तर

घाबरायचं ते जुन्या साडीला नाही, जुनी साडी शेकडो वेळा धुऊन झालेली असते, तिचा जो जायचा तो रंग कधीच गेला. धोका शिंप्याकडून आणलेल्या नव्याकोऱ्या कतरणींचा. लाल, राणी, गडद निळा, काळा हे तुकडे आधी ओले करून पांढऱ्या रुमालावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. रुमालाला डाग पडला तर तो तुकडा वेगळा, गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन परत बघायचा. जीनचा निळा रंग धाग्यावर वरवर बसलेला असतो, तो कोरडा घासून पण लागतो, फिकट कापडाच्या बाजूला नवी जीन नकोच.

मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. सुती कापडावर होत नाही. मिठाच्या पाण्यात रंग कमी सुटल्यासारखा दिसतो, पुढच्या साध्या पाण्यात परत सुटतो. व्हिनेगरचं पण सुतीवर तेच. खरा उपाय म्हणजे सुटायचा तो जास्तीचा रंग शिवण्याआधीच काढून टाकणं.

आणि शिवून झाल्यावर पांढऱ्यावर लाल उतरलाच, तर गोधडी वाळवू नका, इस्त्री तर अजिबात नको, एकदा वाळला की डाग हट्टी होतो. सगळं सुती असेल तर टबभर गरम पाणी आणि पावडर, गोधडी पूर्ण बुडेल आणि सैल तरंगेल एवढं पाणी, म्हणजे सुटलेला रंग पाण्यात पसरतो, कापडावर परत बसत नाही. काही तास ठेवा, पाणी बदला, पाणी स्वच्छ राहीपर्यंत हेच. रेशीम किंवा लोकर असेल तर गरम पाणी बाद.

राहता राहिली आधीच शिवून झालेली मातकट गोधडी. ती उसवत बसू नका, दोऱ्याने पण बरंच सावरता येतं. गडद भागावर जाड पांढऱ्या किंवा पिवळ्या सुती दोऱ्याने जवळ जवळ धावदोऱ्याच्या ओळी घाला, बोटभर अंतराने, तो भाग लांबून एक शेड उजळ दिसायला लागतो. फिकट भागात लाल किंवा निळा दोरा, पण विरळ. तरीही कुठे रिकामं वाटलं तर धोतराच्या कापडाचे चार-पाच तुकडे कडा आत दुमडून वरूनच लावा, ठिगळासारखे, आणि परत एकदा ब्लॅक अँड व्हाईट फोटो काढून बघा.