कलाकारांची संस्था चालवताना या चुका टाळा

नाशिकमध्ये नाटक, चित्रकला, गाण्यातली मंडळी एकत्र आली की पहिली चर्चा नावावर आणि लोगोवर होते. नोंदणी कुठल्या कायद्याखाली करायची, हे 'सीए बघतील' म्हणून सोडून दिलं जातं. पुढे सगळ्यात महाग पडते ती हीच चूक.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदणी केली तर सभासद शेअर घेतात, एका सभासदाला एक मत असतं आणि नफ्यातून लाभांश वाटता येतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात. आपल्या राज्यात मग धर्मादाय कार्यालयातली नोंदही आली आणि नफा सभासदांत वाटता येत नाही. वारली चित्रं किंवा हातमागाचं कापड विकून ज्यांचं घर चालतं, त्यांनी सहकारी संस्थाच करावी. कार्यशाळा आणि प्रयोग देणग्यांवर चालणार असतील तर दुसरा मार्ग बरा. लाभांशही वाटायचा आणि देणगीदाराला देणगीवर आयकराची सवलतही द्यायची, असं एकाच नोंदणीत जमत नाही.

दुसरी चूक कार्यकारिणी बदलल्यावर होते. निवडणूक झाली, हार घातले, फोटो काढले, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती, मात्र दाखल केलाच नाही. धर्मादाय नोंदणी असलेल्या संस्थेला बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यावा लागतो. बँक नव्या अध्यक्षांची सही घेत नाही किंवा अनुदानाचा अर्ज अडतो, तेव्हा हे लक्षात येतं. अशा वेळी फक्त शेवटचा बदल दाखवून सुटका होत नाही. राहिलेले सगळे बदल क्रमाने दाखल करा आणि सोबत विलंब माफीचा अर्ज जोडा. सभेची सूचना सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरीपट, ठरावाची प्रत, राजीनामे, नव्यांची संमतीपत्रं हे सारं सभा झाली त्याच आठवड्यात फाइलला लावा. दोन वर्षांनी जुन्या सभासदांच्या सह्या गोळा करणं फार कठीण असतं.

कालिदास कलामंदिरात प्रयोग असला की दारावर खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर लावू नका. माणूस कितीही सचोटीचा असला तरी हिशेबात त्याच्यावर संशय येतो, आणि हा त्याच्यावरच अन्याय आहे. संस्थेच्या खात्याचाच क्यूआर हवा. २००० रुपयांवरची देणगी रोखीने घेतली तर देणगीदाराची करसवलत जाते, हेही त्याला आधीच सांगा.

आता मानधन. 'आपलीच संस्था आहे' म्हणत प्रकाशयोजनाकाराला, तबलजीला, नेपथ्य उभारणाऱ्या मुलांना फुकट राबवणं मला अजिबात पटत नाही. धर्मादाय नोंदणी असलेल्या संस्थेला कायद्याने नफा वाटायला मनाई आहे, कामाचे पैसे द्यायला नाही. हॉलचं भाडं जसं बजेटमध्ये आधी धरता, तसंच मानधनही धरा आणि तालीम सुरू होण्यापूर्वी रक्कम, तारीख लिहून द्या. पदाधिकाऱ्याला द्यायचं असेल तर संस्थेची घटना काय सांगते ते पाहून स्वतंत्र ठराव करा. नाटककाराची परवानगी आणि त्याचं मानधनही लेखीच हवं. नाटकाची संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी संहिता वेळेत पाठवा. तारीख जाहीर करून मग धावाधाव नको.

कार्यशाळेत काढलेली चित्रं कुणाची, कॅलेंडरवर छापली तर चित्रकाराला किती द्यायचे, हेही प्रवेश अर्जावरच छापून घ्या.