भाताच्या खाचरात पाणी-नळी कशी बसवावी आणि वापरावी

भात पाण्यात तग धरतो, कारण त्याच्या खोडात आणि मुळांत हवा खेळवणाऱ्या पोकळ्या असतात. पण त्याला सतत पाण्यात उभे ठेवलेच पाहिजे असे नाही. पाणी जमिनीखाली १५ सेंटीमीटरपर्यंत उतरले तरी मुळांना ओल मिळते आणि उत्पादन सहसा घटत नाही. तेवढे उतरू द्यायचे आणि मग पुन्हा भरायचे, या पद्धतीने ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचू शकते. मिथेन हा हरितगृह वायूही बराच कमी होतो: साचलेल्या पाण्याखाली हवा पोचत नाही तेव्हा मातीतले सूक्ष्मजीव हा वायू तयार करतात आणि तो भाताच्या त्याच पोकळ्यांतून बाहेर पडतो. मातीत हवा शिरली की या सूक्ष्मजीवांचे काम मंदावते.

अडचण एकच, जमिनीखालचे पाणी दिसत नाही. ते दाखवायला नळी लागते.

आधी खाचर

खरी मेहनत इथेच आहे. खाचर उंचसखल असेल तर उंचवट्यावरचे रोप सुकते आणि खोलगट भागात पाणी तसेच राहते. नळी मात्र फक्त स्वतःच्या जागेचे सांगते. चिखलणीनंतर ५ सेंटीमीटर पाणी भरा. माती कुठे डोके वर काढते ते पाहा आणि तिथली माती खोलगट भागात ओढा. बांधातली उंदरांची आणि खेकड्यांची बिळे चिखलाने बुजवून घ्या. गळका बांध असेल तर पाणी मुळांनी प्यायले की शेजारच्या खाचरात गेले, हे कळणारच नाही.

नळी तयार करणे आणि बसवणे

३० सेंटीमीटर लांब आणि १० ते १५ सेंटीमीटर रुंद तोंडाचा प्लास्टिक पाइप घ्या. तेवढा जाड बांबू पेरांतले पडदे फोडून वापरला तरी चालतो. खालच्या २० सेंटीमीटरला सगळ्या बाजूंनी दर २ सेंटीमीटरवर अर्ध्या सेंटीमीटरची भोके पाडा. वरचे १० सेंटीमीटर कोरे ठेवा.

जागा बांधाजवळची असावी, म्हणजे चिखलात न उतरता पाहता येते. मात्र बांधाला अगदी चिकटून, उंचवट्यावर किंवा खड्ड्यात नळी लावू नये. भोकांचा भाग पूर्ण आत जाईल आणि १० सेंटीमीटर वर राहील अशी ती ठोका. चिखलणीने तळाशी तयार झालेला घट्ट थर फोडू नका. तो वरच लागत असेल तर नळी आखूड कापा. मग आतला चिखल तळापर्यंत काढा. हे राहून गेले की नळी बिनकामाची. थोड्या वेळाने आत आणि बाहेर पाण्याची पातळी सारखी दिसली पाहिजे. नसेल तर भोके बुजली आहेत, नळी काढून धुवा.

काठीने मोजणे

एका काठीला आडवी काडी बांधा आणि आडकाडीखाली काठी बरोबर २५ सेंटीमीटर ठेवून कापा. आडकाडी नळीच्या काठावर टेकवली की काठीचे टोक जमिनीखाली १५ सेंटीमीटरवर जाते. टोक कोरडे वर आले की पाणी द्या, ओले आले तर थांबा. पाणी भरताना नळीच्या काठाखाली ५ सेंटीमीटरवर आले की बंद करा. (नळी आखूड असेल तर मातीच्या वर ती किती आहे ते पाहून काठीची लांबी बदला.) पहिल्या हंगामात धाकधूक वाटत असेल तर एकाच खाचरात करून पाहा, किंवा पाणी जमिनीखाली १० सेंटीमीटरवर गेले की लगेच पाणी द्या.

केव्हा सुरू, केव्हा बंद

लावणीनंतर साधारण दोन आठवडे उथळ पाणी ठेवा. रोपे रुजतात आणि तण दबते. तण फार असेल तर ते आवरेपर्यंत सुरुवात लांबवा. फुलोऱ्याच्या एक आठवडा आधीपासून एक आठवडा नंतरपर्यंत मात्र ५ सेंटीमीटर पाणी हटू देऊ नका. या काळात ताण बसला तर लोंबीत पळींज (पोकळ दाणे) वाढतो आणि नंतर कितीही पाणी दिले तरी भरपाई होत नाही. त्यानंतर पुन्हा आलटून-पालटून.

युरिया पाणी देण्याच्या लगेच आधी, वर पाणी नसताना टाका. येणारे पाणी तो मातीत नेते. एकदम मोठा हप्ता देऊ नका. ओल आणि सुकणे यांच्या फेऱ्यांत जास्तीच्या नत्रापासून नायट्रस ऑक्साइड तयार होतो. तो मिथेनपेक्षाही तीव्र हरितगृह वायू आहे आणि खतही वाया जाते.

जिथे जपून करावे

खारवट जमिनीत सुकवल्याने क्षार वर येतात, तिथे ही पद्धत नको. रेताड जमिनीत पाणी इतके झपाट्याने उतरते की फायदा उरत नाही. भेगाळणाऱ्या चिकण मातीत भेगा रुंद होण्याआधीच पाणी द्या, नाहीतर पुढचे पाणी भेगांतून थेट खाली जाईल.

कालव्याचे पाणी पाळीने येत असेल तर एकट्याने नळी लावून भागत नाही. सगळ्यांनी मिळून पाळी ठरवावी लागते, आणि एक नळी शेवटच्या खाचरात हवीच, कारण टंचाई आधी तिथे जाणवते. तासावर पैसे देऊन पंप चालवणाऱ्याला बचत लगेच दिसते. पाणीपट्टी क्षेत्रावर ठरलेली असेल तर पाणी वाचवूनही खर्च तेवढाच राहतो. छोट्या शेतकऱ्यांना ही पद्धत शिकवणाऱ्यांनी नळ्या वाटण्याआधी हा प्रश्न हाती घ्यावा.

कापणीआधी नळ्या उपटून धुऊन ठेवा. कापणी यंत्राखाली त्या सापडता कामा नयेत.