अकरावीचा फॉर्म: पहिल्या पसंतीच्या रकान्यात काय लिहायचं

पूर्व नागपुरातल्या एका शाळेत मी गणित शिकवते. दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा-वीस दिवस शाळेच्या संगणक खोलीत अकरावीचे फॉर्म भरायला बसते. २०२५-२६ पासून ही ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया सगळ्या महाराष्ट्राला लागू झाली, नागपूर शहरात ती त्याच्या बरीच आधीपासून होती. त्यामुळे आमच्याकडच्या पालकांना ती नवी नाही, पण तिच्याबद्दलचे चुकीचे सल्ले अजून जुनेच आहेत. दर वर्षी त्याच चुका होतात आणि दोन वर्षं ती पोरं निस्तरत बसतात. म्हणून हे लिहिते आहे.

फॉर्मचे दोन भाग असतात. भाग एक म्हणजे नाव, गुण, प्रवर्ग. भाग दोन म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, एक ते दहा; त्यावरून जागा फेऱ्याफेऱ्यांनी दिल्या जातात.

भाग एक सोपा आहे. राज्य मंडळाच्या मुलांचे गुण बैठक क्रमांक टाकला की आपोआप येतात, सीबीएसईवाल्यांना ते स्वतः भरावे लागतात. प्रवर्गाच्या रकान्यात तेच लिहा ज्याचा कागद हातात आहे. जातीचा दाखला किंवा ईडब्ल्यूएसचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं) प्रमाणपत्र काढायचं असेल, तर निकालाची वाट पाहू नका, कारण निकालानंतर सिव्हिल लाइन्सच्या सेतू केंद्रात सगळं शहर उभं असतं. भाग एक लॉक करण्यापूर्वी मोबाइल नंबर घरातल्या माणसाचाच आहे ना, हे बघा. नेट कॅफेवाल्याचा नंबर टाकलेला फॉर्म मी पाहिला आहे. ओटीपी त्याच्याकडे जात होता आणि तो लग्नाला काटोलला गेला होता.

शाखा पोराला विचारून ठरवा. यावर मी जास्त बोलणार नाही.

आता कॉलेजांची यादी. पोर्टलवर प्रत्येक कॉलेजसमोर ते अनुदानित (शासनाचं अनुदान मिळणारं), विनाअनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित हे लिहिलेलं असतं. एकाच कॉलेजात, एकाच शाखेच्या अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन तुकड्या असू शकतात. नाव तेच, इमारत तीच, पण कोड वेगळा आणि फी वेगळी. पालक नाव बघून टिकमार्क करतात आणि प्रवेशाच्या दिवशी काउंटरवर फीचा आकडा ऐकून गप्प होतात. कोड वहीत लिहून घ्या. मुलींना अनुदानित तुकडीत बारावीपर्यंत शिक्षण शुल्क लागत नाही, हे अजूनही कितीतरी आयांना माहीत नसतं.

विषय बघा. द्विलक्षी विषय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स, २०० गुणांचा असतो. तो घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटतो. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाला तो चांगला, पण डॉक्टर व्हायचं मनात असेल तर सुटणारा विषय जीवशास्त्र नाही ना, हे आधी विचारा. दर वर्षी एकदोघांना हे ऑगस्टमध्ये कळतं.

मग प्रत्यक्ष जाऊन बघा. वेबसाइटवरचे फोटो बघून यादी करू नका. प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसून चहा घेण्यापेक्षा शिपाईदादांना विचारा, "दादा, केमिस्ट्रीची लॅब कुठं आहे?" दोन वर्षांपूर्वी एका बाईंसोबत मी अशीच एका कॉलेजात गेले होते. लॅबच्या कुलपाची किल्ली शोधायला पाऊण तास लागला. दार उघडलं तर ब्युरेट अजून कंपनीच्या पुठ्ठ्यातच होते आणि पुठ्ठ्यावर बोट फिरवलं की धुळीत रेघ उठत होती. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकाची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचं असतं. त्या लॅबमध्ये दोन वर्षांत कोणी पाय ठेवला नसेल, तर तिथल्या पोरांनी ते तीस गुण काय करून मिळवले, याचा विचार करा.

हे सांगायचं कारण म्हणजे टायअप. कोचिंग क्लास आणि कॉलेज यांची जोडगोळी: प्रवेश कॉलेजात, पोरगं दिवसभर क्लासमध्ये, हजेरी कागदावर. २०१८ साली शासनाने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा निर्णय काढला, तो याच कारणासाठी, आणि त्यात नागपूरचं नाव होतं. क्लास लावायला माझा विरोध नाही. पण जे कॉलेज तुम्हाला सांगतं की "रोज यायची गरज नाही", ते कॉलेज यादीतून काढा. बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते, आणि सोळा वर्षांच्या पोराला मैदान, ग्रंथालय, बाकावर शेजारी बसणारी मित्रमंडळी हेही लागतं. यावर माझं मत कोणी बदलू शकलेलं नाही.

येणं-जाणं मोजताना किलोमीटर मोजू नका, गाडी किती वेळा बदलावी लागते ते मोजा. पारडी, प्रजापती नगरकडच्या मुलीला मेट्रोच्या अॅक्वा लाइनवर शंकर नगर किंवा एलएडी चौकापर्यंत एका गाडीत जाता येतं. इंदोऱ्याच्या मुलाला ऑरेंज लाइनने काँग्रेस नगर सरळ पडतं. पण प्रजापती नगरहून काँग्रेस नगरला जायचं तर सीताबर्डीला गाडी बदलावी लागते. ते जमण्यासारखं आहे, पण जुलैच्या पावसात, सकाळी सातच्या तासासाठी, रोज. पोराला घेऊन कॉलेजच्या वेळेला एकदा तो प्रवास करा. रविवारी दुपारी स्कूटरवर जाऊन आल्याने काही कळत नाही.

इतकं झालं की भाग दोन. इथे मी स्वतः चुकले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझ्या भाचीचा फॉर्म मीच भरला होता. तिला ८४ टक्क्यांच्या वर गुण होते. तिच्या मनात शहरातलं एक कॉलेज होतं, मेट्रोच्या वाटेवरचं, चांगल्या लॅबचं. मला कोणीतरी सांगितलं की जे कॉलेज तुम्ही एक नंबरला टाकता, तिथे तुम्हाला प्राधान्य मिळतं, म्हणून नक्की मिळेल असंच एकला टाका. मी ऐकलं. घरापासून लांब, पण गुणांत सहज बसणारं एक कॉलेज एकला टाकलं आणि तिच्या आवडीचं दोनला. पहिल्या फेरीत एक नंबर लागला. चार दिवसांनी कट-ऑफ, म्हणजे प्रवेश मिळालेल्या शेवटच्या मुलाचे गुण, पाहिला तर तिच्या आवडीचं कॉलेज तिच्या गुणांपेक्षा खाली बंद झालं होतं. मी क्रम उलटा लिहिला असता तर ते तिला पहिल्याच फेरीत मिळालं असतं. आणि पहिल्या पसंतीचं मिळालं म्हणून आता मागे फिरता येत नव्हतं. पोरगी दोन वर्षं दोन बस बदलून गेली. मला कधी काही बोलली नाही. मी मात्र त्या वर्षीपासून नियमपुस्तिका शब्दन् शब्द वाचायला लागले.

यंत्रणा अशी चालते. गुणवत्ता यादीतलं वरचं नाव आधी घेतलं जातं. त्या मुलाची यादी वरून खाली वाचली जाते आणि जिथे त्याच्या प्रवर्गात जागा शिल्लक आहे, तिथे थांबते. मग पुढचं नाव. तुम्ही एखादं कॉलेज एकला टाकलं की सातला, याने त्या कॉलेजातली तुमची रांग पुढे-मागे होत नाही. ८६ टक्क्यांच्या मुलाने ते सातला टाकलं असेल आणि वरची सहा त्याला मिळाली नाहीत, तर तो ८४ टक्केवाल्याच्या आधी तिथे बसतो, मग ८४ टक्केवाल्याने ते एकला टाकलेलं असो. म्हणजे आवाक्याबाहेरचं कॉलेज वर लिहिल्याने खालच्या कॉलेजांवरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. "मोठी नावं टाकून जागा वाया घालवू नका" हा सल्ला देणाऱ्याने हा नियम वाचलेला नाही.

याउलट पहिल्या रकान्याला एक अट आहे. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होतं आणि शेवटच्या, सर्वांसाठी खुल्या फेरीपर्यंत थांबावं लागतं. दोन ते दहामधलं मिळालं तर घ्यायचं की पुढच्या फेरीत जायचं, हे तुमच्या हातात असतं. म्हणून एक नंबरला तेच लिहा, जिथे उद्या सकाळी पोरगं आनंदाने जाईल.

क्रम लावायची माझी पद्धत अशी. दहा चिठ्ठ्या घ्या, प्रत्येकीवर एक कॉलेज आणि कोड. कट-ऑफ अजून बघायचा नाही. दोन चिठ्ठ्या मुलासमोर ठेवा आणि विचारा, "दोन्हीकडे नंबर लागला तर कुठे जाशील?" जिंकलेली चिठ्ठी वर. मग पुढची. उत्तर पोराने द्यायचं, वडिलांनी नाही. गेल्या वर्षी एका भाऊंना मी चक्क बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. अर्ध्या तासात क्रम लागतो, आणि तो पोराचा असतो.

आता कट-ऑफ काढा. पोर्टलवर मागच्या वर्षीचे आकडे फेरीनुसार, प्रवर्गानुसार मिळतात. तुमच्या प्रवर्गाचाच आकडा बघा. पहिल्या फेरीच्या आकड्याने घाबरू नका, बहुतेक ठिकाणी तो पुढच्या फेऱ्यांत उतरतो. दहांपैकी तीन कॉलेजं तुमच्या गुणांपेक्षा तीन-चार टक्के वरची असू द्या, चारपाच जवळपासची, आणि निदान दोन अशी की जी मागच्या वर्षी तुमच्यापेक्षा चार-पाच टक्के खाली बंद झाली. ती दोन चिठ्ठ्यांत नसतील, तर पुन्हा फिरा आणि शोधा. क्रम मात्र मोडू नका. कट-ऑफ फक्त यादी पुरेशी लांबरुंद आहे ना, हे तपासायला आहे.

दहाच्या दहा रकाने भरा. एक भरला तरी फॉर्म स्वीकारला जातो, म्हणून पुष्कळ जण तीन नावांवर थांबतात आणि पहिल्या फेरीत कुठेच नाव आलं नाही की रडत येतात. पण जिथे जायचंच नाही असं नाव भरतीला टाकू नका.

समजा चौथ्या पसंतीचं लागलं. "मॅडम, घेऊ का थांबू जी?" हा प्रश्न त्या संध्याकाळी मला पन्नास वेळा येतो. वरच्या तिन्ही कॉलेजांचा या फेरीचा कट-ऑफ बघा. त्यातलं एखादं तुमच्यापेक्षा अर्ध्या-पाऊण टक्क्याने वर बंद झालं असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. त्याहून जास्त फरक असेल तर मी सांगते, घ्या. थांबलात की हातातली चौथी जागाही जाते, आणि पुढच्या फेरीत ती मिळेलच असं नाही. थांबायचं ठरलं तर पसंतीक्रम पुन्हा नीट लावा, कारण पहिल्या रकान्याची अट दुसऱ्या फेरीतही तशीच लागू असते.

कोट्यांचं थोडक्यात. ज्या संस्थेच्या शाळेतून दहावी केली, तिच्या कॉलेजात इनहाऊसच्या १० टक्के जागा असतात. व्यवस्थापनाच्या ५ टक्के. अल्पसंख्याक संस्थांत अल्पसंख्याकांसाठी ५० टक्के. कोट्यात प्रवेश घेतला की नियमित फेऱ्यांतून नाव निघतं, तेव्हा मनातलं कॉलेज असेल तरच घ्या. व्यवस्थापन कोट्यासाठी कोणी पावतीशिवाय पैसे मागत असेल तर उठून या.

नाव लागल्यावर आधी पोर्टलवर होकार द्या, मग मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला घेऊन मुदतीत कॉलेजात जा. शेवटच्या दिवशी जाऊ नका. फी भरली म्हणजे प्रवेश झाला असं समजू नका. कॉलेजने पोर्टलवर प्रवेश निश्चित केला आहे हे काउंटरवरून हलण्याआधी आपल्या लॉगिनमध्ये उघडून बघा, आणि त्या पानाची प्रिंट तिथेच मागून घ्या.