एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स शेजारी-शेजारी ठेवताय? या चुका टाळा

जुना प्रोजेक्ट एका लायब्ररीच्या जुन्या व्हर्जनवर नीट चाललाय, नव्या प्रोजेक्टला त्याच लायब्ररीचं नवं व्हर्जन हवंय, आणि दोन्ही एकाच मशीनवर चालायला हवेत. गरज रोजचीच. इन्स्टॉलेशन बहुतेक वेळा विनातक्रार पार पडतं. रडकथा सुरू होते ती नंतर: "नवं तर टाकलंय, मग जुनंच का चालतंय?"

डिस्कवर दोन व्हर्जन्स असणं वेगळं आणि चालत्या प्रोग्रामने त्यांतलं नेमकं एक उचलणं वेगळं. हे उचलण्याचं काम पायथनमध्ये इंपोर्टचा शोधमार्ग करतो, लिनक्सवर डायनॅमिक लोडर, जावात क्लासलोडर. प्रत्येकाचे नियम निराळे. खालच्या बहुतेक चुका एकाच कारणाने होतात: आपण इन्स्टॉलरचं म्हणणं ऐकतो आणि उचलणाऱ्याला विचारतच नाही.

एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये दोन्ही कोंबणं

पायथनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये (म्हणजे एक पायथन आणि त्याच्यासोबतची पॅकेजेस) एका पॅकेजचं एकच व्हर्जन राहतं. साइट-पॅकेजेस या पॅकेजेस ठेवायच्या जागेत त्या नावाचं फोल्डर एकच असतं, त्यामुळे पिपला (पायथनच्या पॅकेज इन्स्टॉलरला) दुसरं व्हर्जन टाकायला सांगितलं की तो आधीचं काढून टाकतो. हे तो लपवत नाही. आधीचं इन्स्टॉलेशन सापडल्याची आणि ते काढल्याची ओळ स्क्रीनवर येते, पण भराभर वर सरकून जाते आणि आपण शेवटची यशाची ओळ तेवढी वाचतो. जुना प्रोजेक्ट पुन्हा चालवेपर्यंत काही कळत नाही.

सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. त्यासाठीचं व्हेन्व मॉड्यूल २०१२ च्या पायथन ३.३ पासून सोबतच येतं, सहसा वेगळं काही टाकावं लागत नाही.

इथे काही जण एक पळवाट काढतात. पिपच्या टार्गेट पर्यायाने दोन व्हर्जन्स दोन वेगळ्या फोल्डरांत टाकतात आणि कोडमध्ये शोधमार्ग बदलून आधी एक, मग दुसरं इंपोर्ट करतात. दुसऱ्या इंपोर्टला एरर येत नाही, म्हणून जमलं असं वाटतं. प्रत्यक्षात एकदा लोड झालेलं मॉड्यूल पायथन नावानिशी लक्षात ठेवतो आणि पुढच्या इंपोर्टला तेच हातात देतो. म्हणजे दोन्ही वेळा मिळालं पहिलंच. तो साठा हाताने पुसून दुसरं लोड करता येतं, पण मग पहिल्या व्हर्जनमधून घेतलेले क्लास आणि फंक्शन जिथे-तिथे शिल्लक राहतात आणि दोन्हींची सरमिसळ होते. असं करू नका.

खरोखरच एका कामात दोन्ही व्हर्जन्स लागत असतील, तर दोन वेगळ्या प्रोसेस चालवा, प्रत्येकीला तिचं एन्व्हायर्नमेंट द्या, आणि त्यांच्यात फाइल, पाइप किंवा सॉकेटमधून डेटा फिरवा. काही लायब्ऱ्यांनी ही सोय स्वतःच केलेली आहे. पोस्टग्रेसच्या सायकोपीजी ड्रायव्हरची दुसरी आणि तिसरी पिढी वेगळ्या नावांनी इंपोर्ट होतात, म्हणून एकत्र नांदतात. पायडँटिक २ मध्ये जुनं १ नंबरचं व्हर्जन आतल्या एका उपमॉड्यूलमध्ये दिलेलं आहे. आपल्या लायब्ररीत असं काही आहे का, हे तिच्या मायग्रेशन गाइडमध्ये आधी बघावं. तिथे दोन मिनिटं घालवली तर पुष्कळ खटाटोप वाचतो.

पिप एकीकडे, पायथन दुसरीकडे

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक हीच. टर्मिनलवर "पिप इन्स्टॉल" केलं, यशस्वी झालं, प्रोग्राम चालवला, तर जुनंच व्हर्जन किंवा "असं मॉड्यूलच नाही". माणूस पुन्हा इन्स्टॉल करतो. पिप सांगतो, आधीच आहे. आणि दोघंही खरं बोलत असतात, कारण हा पिप एका पायथनचा आणि प्रोग्राम चालवणारा पायथन दुसराच.

म्हणून सुटा पिप चालवायची सवय मोडा आणि "पायथन -एम पिप इन्स्टॉल" असं लिहा. ज्या पायथनने प्रोग्राम चालणार, त्याच्याच पोटात पॅकेज जातं. शंका आली तर अंदाज बांधत बसू नका, प्रोग्रामच्या सुरुवातीला तीन गोष्टी प्रिंट करा: सिस मॉड्यूलमधला एक्झिक्युटेबल म्हणजे चालू पायथनचा पूर्ण पाथ, लायब्ररीचं व्हर्जन, आणि लायब्ररी ज्या फाइलवरून लोड झाली तिचा पाथ. तिसरी ओळ सर्वांत मोलाची. एन्व्हायर्नमेंटच्या फोल्डरऐवजी होम डिरेक्टरीतल्या डॉट-लोकलचा पाथ दिसला, तर कधीतरी यूजर पर्यायाने टाकलेलं पॅकेज मध्ये आलंय. चालू प्रोजेक्टचाच पाथ दिसला, तर तुमच्याच एखाद्या फाइलचं नाव लायब्ररीसारखं आहे. कुठलाच मेळ बसत नसेल तर पायथनपाथ हे व्हेरिएबल कोणी सेट करून ठेवलंय का ते पाहा.

ज्युपिटर नोटबुक (ब्राउझरमध्ये तुकड्या-तुकड्याने कोड चालवण्याचं साधन) वापरणाऱ्यांनी हे जास्तच जपावं. नोटबुक ज्या कर्नलवर, म्हणजे मागे कोड चालवणाऱ्या प्रोसेसवर, चालते त्याचा पायथन आणि तुम्ही टर्मिनलमध्ये ॲक्टिव्हेट केलेला पायथन यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. नोटबुकच्या आतून पर्सेंट चिन्ह लावून पिप चालवला की पॅकेज त्या कर्नलच्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये जातं. त्यानंतर कर्नल रीस्टार्ट करायला विसरू नका, नाहीतर आधी लोड झालेलंच व्हर्जन तो देत राहील.

एन्व्हायर्नमेंटचं फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवणं हाही याच घरातला घोळ. आतल्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत पायथनचा पूर्ण पाथ लिहिलेला असतो, तो जुन्या जागेकडेच बोट दाखवत राहतो. हलवू नका, नव्या जागी नव्याने बनवा.

सिस्टीमच्या लायब्ररीवर हात टाकणं

लिनक्सवर सिस्टीमचा पायथन आणि त्याची पॅकेजेस ऑपरेटिंग सिस्टीमची स्वतःची टूल्सही वापरतात. सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, पिपने त्यांतलं एखादं वर चढवलं, की तुमचा प्रोग्राम चालतो आणि सिस्टीमचं एखादं टूल बंद पडतं. यासाठीच २०२३ मधल्या डेबियन १२ पासून सिस्टीम पायथनवर पिप चालवायला गेलं तर "हे एन्व्हायर्नमेंट बाहेरून सांभाळलं जातंय" अशा अर्थाची एरर येते आणि काम थांबतं. नियम डावलणारा एक पर्यायही त्याच एररमध्ये सुचवलेला असतो, आणि लोक नेमका तोच कॉपी करतात. त्या पर्यायाच्या नावातच सिस्टीम पॅकेजेस मोडण्याचा उल्लेख आहे. तो शब्दशः घ्या.

हेडर एका व्हर्जनचं, लायब्ररी दुसऱ्याची

सी आणि सी प्लस प्लसमध्ये दोन व्हर्जन्स शेजारी ठेवण्याची व्यवस्था मुळातच आहे. शेअर्ड लायब्ररीच्या आत तिचं एसओ-नेम (नंबरासह नाव) कोरलेलं असतं, उदाहरणार्थ "लिबफू.एसओ.१". जुना प्रोग्राम एक नंबर मागतो, नवा दोन नंबर, आणि दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये सुखाने राहतात. गोंधळ होतो तो कंपाइल करताना. शेवटी नंबर नसलेली "लिबफू.एसओ" ही सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) आणि हेडर फाइली (लायब्ररीतली फंक्शन आणि स्ट्रक्चर जाहीर करणाऱ्या) एकाच जागी एकाच व्हर्जनच्या असू शकतात. सोर्समधून नवं व्हर्जन बिल्ड करून ते /यूएसआर/लोकलमध्ये टाकलं, तर हेडर तिथून येतात. पण लिंक करताना दुसरा पाथ पुढे आला, तर लायब्ररी मात्र जुनी मिळते.

अशा वेळी कंपायलर तक्रार करेलच असं नाही. समजा नव्या हेडरमध्ये एका स्ट्रक्चरच्या मधोमध एक नवं फील्ड आलंय. तुमचा कोड त्यापुढची फील्ड नव्या जागी शोधतो, जुनी लायब्ररी ती जुन्या जागी भरते. निकाल चुकीचे आकडे, किंवा भलत्याच ठिकाणी सेगमेंटेशन फॉल्ट. तो फॉल्ट तुमच्या कोडच्या ज्या ओळीवर दिसतो, तिथे काहीच चुकलेलं नसतं.

यावर पथ्य एकच: हाताने बिल्ड केलेल्या प्रत्येक व्हर्जनला स्वतंत्र प्रीफिक्स, म्हणजे इन्स्टॉलेशनचं मूळ फोल्डर, द्या, जसं /ऑप्ट/फू/२.०. मग लायब्ररी शोधून देणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगचा पाथ किंवा सीमेक या बिल्ड टूलचा प्रीफिक्स पाथ त्या एकाच जागेकडे वळवा, म्हणजे हेडर आणि लायब्ररी जोडीने येतील. सीमेक वापरत असाल तर व्हर्जन बदलल्यावर बिल्डचं फोल्डर पूर्ण उडवून नव्याने सुरुवात करा. एकदा सापडलेले पाथ तो कॅशमध्ये ठेवतो आणि नंतर तुम्ही दिलेल्या प्रीफिक्सकडे ढुंकूनही बघत नाही.

चालवताना कोणती फाइल उचलली जाते ते एलडीडी ही कमांड दाखवते. शोध नेमका कसा झाला हे पायरी-पायरीने हवं असेल, तर "एलडी डीबग" हे व्हेरिएबल "लिब्ज" वर सेट करून प्रोग्राम चालवा. लोडर कुठे-कुठे डोकावला ते सगळं ओतून देतो. "एलडी लायब्ररी पाथ" (लोडरला शोधायची फोल्डरं सांगणारं व्हेरिएबल) तपासणीपुरता वापरायला हरकत नाही. शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये तो कायमचा लिहून ठेवला, की त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला ती लायब्ररी मिळते, ज्यांना नकोय त्यांनाही. कायमची सोय करायची तर लिंक करतानाच आरपाथ, म्हणजे प्रोग्राममध्येच कोरलेला लायब्ररीचा शोधमार्ग, द्या.

एकाच प्रोसेसमध्ये दोन व्हर्जन्स येणं हा याहून बिकट मामला. मुख्य प्रोग्राम एका व्हर्जनशी लिंक, त्याचं प्लगइन दुसऱ्याशी. लिनक्सवर एकाच नावाचं फंक्शन दोन्हींत असेल, तर साधारणपणे आधी सापडलेलं दोघांनाही मिळतं. लायब्ररीने सिम्बॉल व्हर्जनिंग (फंक्शनच्या नावाला व्हर्जन जोडणं) केलं असेल तर ही टक्कर टळते. तरीही एका व्हर्जनने बनवलेला ऑब्जेक्ट दुसऱ्याच्या फंक्शनला दिला की क्रॅश होऊ शकतो.

चालतंय म्हणून दोन प्रती राहू देणं

नोड आणि रस्टमध्ये एकाच प्रोजेक्टमध्ये एका लायब्ररीची दोन व्हर्जन्स अधिकृतपणे राहू शकतात. नोडच्या एनपीएम या पॅकेज मॅनेजरमध्ये टोपणनाव देऊन दोन्ही थेट इंपोर्टही करता येतात, ही सोय २०१९ मधल्या ६.९ पासून आहे. अडचण प्रकारांची असते. एका प्रतीतला क्लास आणि दुसऱ्या प्रतीतला त्याच नावाचा क्लास हे भाषेच्या लेखी दोन वेगळे क्लास, त्यामुळे जावास्क्रिप्टचा इन्स्टन्सऑफ (ऑब्जेक्ट त्या क्लासचा आहे का हे तपासणारा) खोटं सांगतो. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या दोन प्रती आल्या तर हुक चुकीच्या पद्धतीने वापरल्याची एरर येते आणि कोड कितीही तपासला तरी चूक सापडत नाही, कारण ती कोडमध्ये नसतेच. "एनपीएम एलएस रिॲक्ट" चालवा, दुसरी प्रत कोणी आणली ते झाडासारखं समोर येतं. रस्टमध्ये "कार्गो ट्री -डी" फक्त दुहेरी आलेली पॅकेजेस दाखवतं. पीअर डिपेंडन्सीची (वापरणाऱ्या प्रोजेक्टने स्वतः पुरवायच्या लायब्ररीची) एरर लीगसी पर्यायाने गप्प करणं म्हणजे हाच त्रासदायक प्रसंग ओढवून घेणं.

जावात उलटं आहे. साध्या क्लासपाथवर आधी आलेला जार (जावा लायब्ररीची फाइल) जिंकतो, दुसरा नुसता पडून राहतो. "असं मेथड नाही" ही एरर चालताना आली, तर कंपाइल एका व्हर्जनवर आणि रन दुसऱ्यावर झालंय हे जवळपास नक्की. बिल्ड टूल्सपैकी मेव्हन डिपेंडन्सींच्या झाडात सर्वांत जवळचं व्हर्जन घेतो, ग्रेडल साधारणपणे सर्वांत मोठ्या नंबराचं, त्यामुळे बिल्ड टूल बदललं की निकालही बदलू शकतो. दोन्ही हवीतच तर शेडिंग करून एकाचं पॅकेज नाव बदलावं लागतं.

बायनरी सुसंगती विसरणं

नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीचं २.० व्हर्जन जून २०२४ मध्ये आलं आणि १ मालिकेवर कंपाइल झालेली एक्स्टेन्शन मॉड्यूल्स त्यावर चालेनाशी झाली. पायथन कोडची एक ओळही न बदलता प्रोजेक्ट पडले. एक लायब्ररी वर नेताना तिच्यावर कंपाइल झालेलं बाकी काय-काय आहे, ते आधी पाहावं लागतं. "पिप चेक" पॅकेजांनी जाहीर केलेल्या अटी जुळतात का एवढंच सांगतो. जाहीर न झालेली बायनरी विसंगती त्याला दिसत नाही, म्हणून नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये निदान सगळे इंपोर्ट करून बघा.

जुनं व्हर्जन घाईने काढणं

लिनक्सवर चालू प्रोसेसने लोड केलेली लायब्ररी डिस्कवरून काढली तरी ती प्रोसेस चालतच राहते. म्हणून "काढलं, काहीच बिघडलं नाही" हा निष्कर्ष कच्चा. बिघाड पुढच्या रीस्टार्टला दिसतो, आणि तोपर्यंत काय काढलं होतं हे कोणाला आठवत नाही. काढण्याआधी प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नंबराखाली असलेली मॅप्स ही फाइल वाचा, लोड झालेल्या प्रत्येक लायब्ररीचा खरा पाथ तिथे असतो. मग जुन्या फोल्डरचं फक्त नाव बदला, सर्व्हिस रीस्टार्ट करा, आणि ती उभी राहिली तरच फोल्डर पुसा. आधीच पुसून बसला असाल तर त्या मॅप्स फाइलमध्ये पाथपुढे "डिलीटेड" लिहिलेलं दिसेल. अशी प्रोसेस सापडली तर जुनं व्हर्जन परत टाका, आणि त्यानंतरच तिला रीस्टार्ट करा.